भात आणि वजनाचा काटा



मी डॉक्टर नव्हे, आणि आहारशास्त्राचा पंडित तर नव्हेच. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. जमाखर्च, मागणी आणि पुरवठा हा माझा रोजचा विषय. असे असता वजन, भात आणि पिष्टमय पदार्थ यांविषयी मी का बोलावे, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. माझे उत्तर एवढेच, की मी कोकणात जन्मलो, भातावर वाढलो, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी वजनाच्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा तो काटा ८४ किलोंवर गेला. पण खरे सांगायचे तर केवळ माझ्या वजनापायी मी या विषयात शिरलो नसतो. माझ्या आत्याच्या बाबतीत एक प्रसंग घडला, त्यामुळे शिरावे लागले. तो प्रसंग आधी सांगतो.

माझी आत्या लांजे तालुक्यात एका वाडीत राहते. वय अडुसष्ट. गेली दहा वर्षे तिला मधुमेह आहे आणि सकाळची गोळी ती नेमाने घेते. मुलगा मुंबईला, सून आणि नातू तिच्याजवळ. एके दिवशी सुनेचा मला फोन आला, "भावोजी, आईंनी भात सोडलान. आठ दिवस झाले. भाकरीसुद्धा शिवत नाहीत." मी विचारले, कुणी सांगितले? तर म्हणे फोनवर कुणीतरी एक संदेश पाठवला होता. भात म्हणजे साखर, साखर म्हणजे विष, तेव्हा भात बंद करा, एका महिन्यात वजनही उतरेल आणि साखरही जाईल. आत्याने तो नातवाकडून वाचून घेतला आणि त्याच दिवसापासून भाताचे पातेले आपल्यापुरते बंद केले. थोडी भाजी आणि वाटीभर ताक, एवढेच तिचे जेवण.

मी मनात म्हटले, बरे झाले, तिचेही वजन थोडे वाढलेच होते. माझी चूक इथे झाली. नवव्या दिवशी पहाटे आत्याला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, आणि ती असंबद्ध बोलू लागली. सून घाबरली. देवाची कृपा अशी की शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या धावत आल्या, त्यांनी आत्याला हाक मारून पाहिली, गिळता येते आहे याची खात्री केली आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ते पाणी तिला घोटाघोटाने पाजले. पाऊण तासात आत्या माणसात आली. मग तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलले, "आजी, भात सोडलात, पण गोळी तशीच चालू ठेवलीत."

ती गोळी शरीरातील इन्सुलिन वाढवणारी होती. पोटात रोजच्याइतके पिष्ट जाणार हे धरून डॉक्टरांनी तिचे माप ठरवलेले होते. पिष्ट गेले नाही, गोळीने आपले काम केले, आणि रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरली. तेव्हा माझी पहिली विनंती मी भाषणाच्या शेवटापर्यंत राखून ठेवत नाही. ज्या घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेत असेल, त्या घरात भात-भाकरी एकाएकी बंद करू नये. कमी करायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते औषधही त्या मानाने कमी करतील. आणि असा घाम आणि थरथर आली, तर माणूस शुद्धीवर असेपर्यंत साखरपाणी द्यावे. शुद्ध गेली असेल तर मात्र तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा.

या प्रसंगानंतर मी वाचू लागलो. आमच्या शास्त्र शाखेतील सहकाऱ्यांना त्रास दिला. एक वही घातली. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

शाळेच्या पुस्तकांत ज्यांना कर्बोदके म्हणतात, त्यांनाच जुन्या पुस्तकांत पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थ म्हटलेले आढळते. तांदूळ, नाचणी, गहू, बटाटा, साबुदाणा यांत पिष्ट. ऊस, गूळ, आंबा, फणस यांत साखर. पोटात गेल्यावर पिष्टाची साखळी तुटते आणि तिचे ग्लुकोज होते. ते रक्तात येते, इन्सुलिन त्याला पेशींचे दार उघडून देते. लागेल तेवढे जळते. थोडे यकृतात आणि स्नायूंत साठते. त्याउपर वारंवार येतच राहिले, तर त्याची चरबी होते, आणि सोबत खाल्लेले तेलतूपही न जळता शिल्लक पडते. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, प्रथिनांतूनही तेवढेच, आणि तेलातुपातून ९. म्हणजे वजनाला वजन धरले तर भातापेक्षा तूप दुपटीहून अधिक उष्मांक देते. मग भातावरच एवढा राग का?

हा राग आजचा नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. प्रेतयात्रांची व्यवस्था पाहण्याचा त्यांचा व्यवसाय. शरीर इतके सुटले होते की बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर उलटे उतरावे लागे. पुढे ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांनी कानाऐवजी ताट तपासले. पाव, साखर, बटाटे, बिअर बंद करा म्हणाले. वर्षभरात बँटिंगसाहेबांचे सुमारे ४६ पौंड वजन उतरले. आनंदाच्या भरात त्यांनी १८६३ साली स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणे' म्हणजे वजन उतरवणे असा शब्दच रूढ झाला. (इन्सुलिनचा शोध लावणारे बँटिंग ते हे नव्हेत.) पिष्ट सोडा आणि बारीक व्हा, या उपदेशाला अशी दीडशेहून अधिक वर्षे झाली.

आता याच्या अगदी उलट गोष्ट ऐका. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर होते. १९३९ पासून त्यांनी रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना जो आहार दिला, त्यात काय होते? भात, फळे, फळांचा रस आणि साखर! मीठ नाही, तेल नाही, तूप नाही. पुढे हाच आहार त्यांनी अतिलठ्ठ माणसांना दिला. १९७५ साली त्यांनी अशा १०६ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांचे प्रत्येकी किमान ४५ किलो वजन उतरले होते. एकाने पाव सोडून वजन उतरवले, दुसऱ्याने भात खाऊ घालून उतरवले. केम्पनर यांचा आहार डॉक्टरांच्या रोजच्या देखरेखीखालचा होता, तो घरी करून पाहण्याजोगा मुळीच नाही. पण भात खाल्ल्याने माणूस लठ्ठ होतोच असे जर कुणी म्हणत असेल, तर त्याने या १०६ माणसांचा विचार करावा.

यात खरे कोण, हे पाहण्यासाठी अमेरिकेतच स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक मोठा प्रयोग केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ६०९ माणसे घेतली. निम्म्यांना पिष्ट कमी करायला सांगितले, निम्म्यांना तेलतूप कमी करायला सांगितले. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि डबाबंद खाणे टाळून ताजे जेवण घ्या असे बजावले. वर्ष सरल्यावर मोजले, तर पिष्ट कमी करणाऱ्यांचे सरासरी ६ किलो आणि तेलतूप कमी करणाऱ्यांचे ५.३ किलो उतरले होते. हा फरक शास्त्रज्ञ जमेस धरत नाहीत. मात्र दोन्ही गटांत काहींचे पुष्कळ उतरले आणि काहींचे चक्क वाढले. म्हणजे माणूस जे वर्षभर नेमाने पाळू शकतो, तेच त्याला मानवते.

आपल्या महाराष्ट्रातही हा वाद घरोघर झाला आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत जेवा, मधे काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर सांगतात, घरचे जेवा, भात सोडू नका, भूक फार ताणू नका. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावरून दोन पक्ष पडले होते आणि चहाच्या वेळी हमरीतुमरी होई. मौज अशी की दोन्ही पक्षांत वजन उतरलेली माणसे होती. मी त्यांचे खाणे जरा बारकाईने पाहिले. दोघांच्याही दिवसातून एकच गोष्ट गेली होती: मधल्या वेळची बिस्किटे, फरसाण आणि साखरेचा चहा. वाद भातावर चालला होता, आणि काम केले होते न खाल्लेल्या बिस्किटांनी!

हे झाले जगाचे. आता आपल्या कोकणाकडे येऊ.

माझे वडील शेती करीत. पावसाळ्यात चार वाजता उठत. पेज पिऊन जोत घेऊन निघत. नांगरणी, चिखलणी, मग लावणी, पुढे कापणी, झोडणी. मधल्या दिवसांत डोंगरातून लाकूड आणि कवळ आणणे. दुपारी पानावर बसत तेव्हा आई त्यांना भात वाढीत असे तो वाटीने नव्हे, डावाने. पाच वाट्या भात एका बसणीत सहज जात असे. आणि त्यांचे वजन? जन्मात कधी ५५ किलोंच्या वर गेले नाही.

मी त्या घरातून शहरात आलो, खुर्चीवर बसलो, स्कूटर घेतली. जोत राहिले गावाला. पण जेवणाचे ताट मात्र मी वडिलांचेच बरोबर आणले! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली माणसाच्या गरजेचे आकडे ठरवून दिले आहेत. ६५ किलोंच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक पुरतात. अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याला ३४७० लागतात. दोहोंतील अंतर १३६० उष्मांकांचे. आमच्या घरच्या वाटीत दीडशे ग्रॅम शिजलेला भात बसतो, त्याचे सुमारे २०० उष्मांक. म्हणजे वडिलांच्या आणि माझ्या कामातील अंतर जवळजवळ सात वाट्या भाताचे आहे. त्यांना त्या सात वाट्या नांगराला लागत होत्या. माझ्याकडे नांगर नाही, तेव्हा त्या माझ्या पोटावर बसल्या.

स्त्रियांचेही तेच. बैठ्या कामाला १६६० उष्मांक, जड कामाला २७२०. विहिरीवरून पाणी ओढणे, जात्यावर दळणे, उखळात भात सडणे, पाटा-वरवंटा, हे सगळे एका पिढीत गेले. ते परत यावे असे कोणती बाई म्हणेल? मी तर म्हणणार नाही. माझ्या आईचे हात मी पाहिलेले आहेत. पण काम गेले की ताटाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, तो आपण मांडला नाही.

तो मांडायचा म्हणून मी महिनाभर जे तोंडात जाईल ते वहीत लिहिले, आणि तिथे एक गंमत माझ्या लक्षात आली. मला वाटत होते की मी दोन वेळा भात खातो. वहीने दाखवले की मी दिवसातून सहा वेळा तांदूळ खातो, फक्त त्याला दर वेळी भात म्हणत नाही. सकाळी घावन, म्हणजे तांदूळ. दुपारी भाकरी, आमच्याकडे ती तांदळाचीच, तिच्यावर भात. संध्याकाळी पोहे, तेही तांदूळच. रात्री पुन्हा भाकरी, पुन्हा भात. तीन घावनांची दीड वाटी, मध्यम भाकरीची एक, बशीभर पोह्यांची एक, असे धरून बेरीज केली तर दिवसाला साडेनऊ वाट्या भात झाला. १९०० उष्मांक. त्यात चहाचे पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर ५० ग्रॅम साखर, म्हणजे आणखी २००. झाले २१००. माझी दिवसाची सगळी गरज इथेच संपली, आणि अजून नारळ, तेल, मासा, डाळ हिशेबात आलेच नव्हते! आमच्या विषयात याला तुटीचा उलटा अर्थसंकल्प म्हणावे लागेल.

उपासाच्या दिवशी तर याहून कमाल. एकादशीला मी भात खात नसे, साबुदाण्याची खिचडी खाई. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि त्यात शेंगदाणे, तूप, बटाटा. तो उपास शंकराला पोचत असेल किंवा विठोबाला, पण वजनाच्या काट्याला पोचत नव्हता.

मग काही मित्र म्हणाले, भात सोड आणि नाचणी धर. नाचणीविषयी मला फार आदर आहे. वरकस जमिनीवर, उतारावर, खताविना येणारे हे पीक. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. तंतू तांदळाच्या तिप्पट-चौपट. पोट जास्त वेळ भरलेले राहते. हे सगळे खरे. पण उष्मांक? शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या वर, आणि नाचणीत तीनशे वीसच्या आसपास. अंतर फार नाही. म्हणून चार भाकऱ्या तांदळाच्या खाणाऱ्याने चार भाकऱ्या नाचणीच्या खाल्ल्या, तर त्याचा काटा फारसा हलणार नाही. २०२५ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत दिसले की भारतीय माणसाचे सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्ट आणि साखर यांतून येतात. एकूण पिष्ट तेवढेच ठेवून नुसता पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्य घेतले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. पिष्टाचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळींतील किंवा दूधदुभत्यातील प्रथिने आली, तेव्हा तो कमी दिसला. गुळाचेही तसेच आहे. साखरेऐवजी गूळ घेणाऱ्यांनी चवीसाठी खुशाल घ्यावा, वजनासाठी घेऊ नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे, की धान्यांतून येणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंत असावेत. माझ्या २११० उष्मांकांचे ४५ टक्के म्हणजे साधारण ९५०. भाताच्या मापाने पावणेपाच वाट्या, आणि त्यांतच घावन, भाकरी, पोहे सगळे आले. साडेनऊवरून पावणेपाचवर यायचे, म्हणजे बरोबर निम्मे. उरलेली जागा कशाने भरायची? तर ज्याची आपल्याकडे वाण नाही त्याने. कुळीथ घ्या. शंभर ग्रॅम कुळथात वीस ग्रॅमांहून अधिक प्रथिने असतात. कुळथाचे पिठले आपण भातावर चवीपुरते घेतो, ते वाटीभर घ्यावे. वाल, चवळी, मूग यांची उसळ, बांगडा, तारली, ज्यांना चालते त्यांनी अंडे. टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला ह्या पावसाळी भाज्या तर फुकटच. मी ताटातील क्रम बदलला. आधी उसळ, भाजी, माशाची तुकडी, आणि भात शेवटी. पूर्वी भात आधी आणि बाकीचे त्याला लावायला, असा रिवाज होता. भूक जिथे निम्मी भागते तिथे भात आला की तो आपोआप कमी लागतो. आमच्या घरून यावर शेरा मिळाला, "अहो, तुमचा भात निम्मा झाला खरा, पण बांगडा दुप्पट झाला. बाजारात जाऊन भाव विचारून या!" शेरा रास्त आहे. प्रथिने पिष्टापेक्षा महाग असतात; गरिबाच्या ताटात भात जास्त का असतो, याचे कारण त्याची आवड नव्हे. म्हणून मी कुळथाचे नाव आधी घेतले आणि बांगड्याचे नंतर.

पेजेविषयी दोन शब्द. पेजेला हल्ली आपण आजाऱ्याचे अन्न समजतो. पण वाटीभर तांदळाची पेज घरातल्या चौघांना पुरते. पाण्याने पोट भरते आणि उष्मांक बेताचे जातात. उकड्या तांदळाची असेल तर आणखी बरी, कारण भात उकडताना कोंड्यातील काही जीवनसत्त्व दाण्यात उतरते. न्याहारीला तीन घावनांऐवजी मी आता पेज आणि उसळ घेतो.

एवढे केल्यावर काय झाले? पहिल्या पंधरवड्यात अडीच किलो उतरले. मी विजयाच्या थाटात चालू लागलो. पुढच्या पंधरवड्यात उतरले केवळ पाव किलो. तेव्हा कळले की पहिले अडीच किलो बहुतांशी पाणी होते. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा जो साठा असतो, तो एका ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. पिष्ट कमी केले की साठा संपतो आणि पाणी निघून जाते. आठ दिवसांत चार किलो, अशा ज्या जाहिराती येतात त्यांचे रहस्य हेच. चार दिवस गणपतीत मोदक खाल्ले की ते पाणी परत येते, माझेही आले. खरी चरबी मुंगीच्या पावलाने जाते. अकरा महिन्यांत मी ८४ वरून ७६ वर आलो. तेवढ्यातच रक्तदाब उतरला, आणि रात्रीचे घोरणे कमी झाले अशी घरची साक्ष आहे.

आता एक गोष्ट किडकिडीत माणसांसाठी. ती आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचीही उंचीच्या मानाने वजनाची पट्टी नेमकी सारखी, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून बारीक, आतून स्थूल, अशी आपल्याकडील पुष्कळ माणसांची ठेवण असते. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात बाळांतही हे दिसले. वजन कमी, पण त्या मानाने चरबी राखलेली. म्हणून 'मी काटकुळा आहे, मला काय होणार?' असे कुणी म्हणू नये. काट्यापेक्षा शिंप्याची फीत बरी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांची ८० च्या वर गेली असेल, तर वजन कितीही असो, रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी.

शिक्षक मंडळींना याच ठिकाणी एक सांगायचे आहे. आपल्या शाळेत जी मुले दुपारी पोषण आहाराला बसतात, त्यांना पहिली ते पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीपर्यंत १५० ग्रॅम तांदूळ ठरवून दिलेला आहे, सोबत डाळ आणि भाजी. एखाद्या मुलाचे ते दिवसातील पहिले पोटभर जेवण असते. त्याच्यासमोर, भाताने वजन वाढते, भात वाईट, असे आपण बोलू नये. मी स्वतः एका समारंभात असे बोलून बसलो होतो, आणि पहिल्या ओळीतल्या एका मुलीने हातातली ताटली खाली ठेवली. तिचे दंड माझ्या दोन बोटांएवढे होते. त्या मुलीला भात हवा, डाळ त्याहून हवी, आणि रक्त वाढवणारी भाजी हवी. वजन उतरवण्याच्या गप्पा आम्हा सुटलेल्या पोटांच्या माणसांनी आपापसात कराव्यात. मुलांना सांगायचेच असेल तर शाळेच्या फाटकाबाहेर रंगीत पुड्या आणि बाटलीतली गोड पाणी विकली जातात, त्यांविषयी सांगावे.

आत्याची गोष्ट अर्धी राहिली. डॉक्टरांनी तिची गोळी बदलली, माप कमी केले, आणि भात सुरू करायला सांगितला, मात्र दुपारी एक वाटी आणि रात्री एक भाकरी, सोबत कुळीथ किंवा मूग रोज. तीन महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा साखर पूर्वीपेक्षा बरी होती आणि वजनही तीन किलोंनी उतरलेले होते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. तिने भाताची वाटी काठोकाठ भरली, वरची शिते बोटाने सपाट करून परत पातेल्यात टाकली आणि वाटी माझ्या पानात उपडी केली. मी म्हटले, "आत्ये, मला दीड चालते." ती म्हणाली, "तुला चालते रे, पण वाटी माझी आहे." आणि कुळथाच्या पिठल्याचा डाव तिने माझ्या पानात दोनदा रिकामा केला.